बांधता येईल असा कॅमेरा

"लिही म्हणते ना. पहिल्याच ओळीत लिही. कॅमेरा तापते अन् बंद पडते."

"मावशी, हा कंपनीचा फॉर्म आहे. तुही भिशीची वही नाही, मनात येईन ते लिहाले."

"भिशीच्या वहीत बाया खरं तरी लिहतात."

वैभवनं पेन टेबलावर आपटला. नागपूरच्या महाल भागातल्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात कूलर घरघरत होता आणि भिंतीवरचे नवरा-नवरीचे फोटो त्याच्या वाऱ्यानं हलत होते. दुपारचा दीड वाजला होता. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. प्रेमिला धकाते स्टुलावर बसून लेन्स पुसत होती. पुसून झालेली लेन्स ती तिसऱ्यांदा पुसत होती.

"पाच रकाने आहेत, पाची भरले. आईक." वैभव वाचू लागला. "पुढच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात आम्हाला काय पाहिजे. एक, बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. दोन, उन्हाची काळी काच आतच पाहिजे, दर वेळेस बाहेरून फिल्टर चढवाची कटकट नको. तीन, केबलची खाच मोठी पाहिजे, जरा हात लागला की पिक्चर जाते. चार, अंधारात पिक्चरमध्ये दाणे नको. पाच, आवाज फाटला तरी मागून सुधारता आला पाहिजे. झालं. एक नंबर फॉर्म आहे."

"अन् ताप?"

"ताप काहून लिहू? डॉक्टरकडे चाललो का मी?"

"सावनेरले तो बंद पडला, वैभव."

"सावनेरले तुह्याकडून बटण दाबाचं राहिलं."

प्रेमिलाचा हात थांबला. "हे तू माह्या तोंडावर बोलून राहिला?"

"नवरीच्या बापाले, वामनरावले, तेच सांगतलं मी. व्हिडिओवाल्यांच्या संघाच्या ग्रुपवरही तेच टाकलं. आता त्याच संघाच्या मीटिंगमध्ये कॅमेरा तापला म्हणून वाचू? लोक काय म्हणतीन?"

"वामनरावच्या घरून फोन आला होता मले. आज सकाळी. त्याची बायको म्हणे, ताई, तुम्ही बटणच दाबलं नाही म्हणते वैभव. माह्या पोरीचा अंतरपाट कुठं गेला, ताई?"

"मग? काय सांगतलं तू?"

"काय सांगू? पाहते म्हणलं. बावीस वर्षांत किती अंतरपाट पडले गा माह्यासमोर? एक सुटला का?"

"एक सुटला. मे महिन्यात. सावनेरले." वैभवनं फॉर्मची घडी करून प्लास्टिकच्या पाकिटात घातली. "हे पाहा, मी भांडत नाही. नवीन कॅमेरा आहे, महागाचा आहे, त्याले नवीन हात पाहिजे. बुधवारच्या लक्ष्मीनगरच्या लग्नापासून कॅमेरा मी धरतो. तू टेबलावर बस. एडिटिंग पाहा, अल्बम पाहा. कूलर आहे, पाणी आहे. वयही झालं आता."

"सत्तेचाळीस."

"कॅमेऱ्याच्या मानानं झालं."

"तुले कॅमेरा धरणं कोणी शिकवलं?"

"तेच बोल वं. दर भांडणात तेच काढ." त्यानं कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली, गळ्यातला पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, तोंडावरून दोन वेढे घेतले आणि फक्त डोळे उघडे ठेवून गाडीला किक मारली. "चार वाजता मीटिंग आहे सीताबर्डीले. तू येऊ नको. एसीचा हॉल आहे, तुले शिंका येतात."

गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. प्रेमिलानं लेन्सला झाकण लावलं.

प्रेमिला मूळची उमरेडची. बाप नत्थूजी हातमागावर करवतकाठी लुगडी विणायचा. काठाला करवतीचे दात असतात, प्रत्येक दात सारखा. एक धागा चुकला तर पुढचे शंभर दात वाकडे. प्रेमिला आठ वर्षांची असल्यापासून बापाजवळ बसून कांड्यांवर सूत भरायची आणि तुटलेला धागा त्याच्या आधी तिला दिसायचा. "थांबा, बाबा," ती म्हणायची, आणि नत्थूजी हात न थांबवता म्हणायचा, "दिसला मले." दिसलेला नसायचा. ती बारा वर्षांची झाली तेव्हा माग मोडला, लाकडं चुलीत गेली, आणि नत्थूजी नागपूरला येऊन गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात गाठोडी बांधू लागला. त्या दुकानात मशीनवरची करवतकाठी यायची. तो काठावर बोट फिरवायचा आणि गाठोडं बांधायचा.

पंचविसाव्या वर्षी तिचं लग्न सुमंत धकातेशी झालं. त्याचं महालात व्हिडिओचं दुकान होतं. सुमंत खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन चालायचा आणि ती मागून दिव्याचा दांडा धरायची. कॅमेरा तिच्या हाती आला तो नवरीच्या खोलीमुळे. हळद लागताना, चुडा भरताना, मामा नवरीला घेऊन निघताना आत बायाच बाया. सुमंतला दारातच अडवायचे. "भाऊ, तुम्ही थांबा. त्यांना पाठवा आत." पहिल्यांदा ती आत गेली तेव्हा कॅमेरा चालू कसा करायचा हे सुमंतनं दाराच्या फटीतून ओरडून सांगितलं. दोन वर्षांनी लोक दुकानात येऊन विचारू लागले, "त्या व्हिडिओवाल्या ताई आहेत ना? त्याच पाहिजे." सुमंतनं मग दिव्याचा दांडा स्वतः धरला. त्याला त्याचं वाईट वाटलं का, हे तिनं कधी विचारलं नाही.

सुमंतचा एकच नियम होता. वरात दारात आली की बटण सोडायचं नाही. कॅसेट संपत आली तर आधीच बदल, पाय दुखला तर दुखू दे, पण मंगलाष्टकं लागली की कॅमेरा चालूच राहिला पाहिजे. "हळद परत लावता येते," तो म्हणायचा, "जेवण परत वाढता येते. अंतरपाट परत पडत नाही." आठ वर्षांपूर्वी काविळीनं तो गेला. नियम राहिला.

वैभव हा तिच्या मोठ्या बहिणीचा, शामलाचा मुलगा. बारावी दोनदा नापास झाल्यावर शामलानं त्याला कामठीहून आणून दुकानात बसवलं होतं. तेव्हा त्याचा हात इतका हलायचा की त्यानं काढलेल्या वरातीत घोडा दोनदा पडल्यासारखा दिसायचा. प्रेमिलानं त्याला कॅमेरा दिलाच नाही. पितळी परात काठोकाठ पाण्यानं भरून त्याच्या तळहातांवर ठेवली आणि म्हणाली, "जा, गल्लीच्या तोंडापर्यंत जा अन् ये." गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहायचे. "का बे, आंघोळ घालाले चालला का कोणाले?" महिनाभर त्याची पँट रोज ओली व्हायची. महिन्यानंतर एका दिवशी तो जाऊन आला आणि जमीन कोरडी होती. तेव्हा तिनं त्याच्या हातात कॅमेरा दिला.

गेल्या दसऱ्याला नवा कॅमेरा आला. वैभवनंच आणला. आतली प्रकाश टिपणारी पाटी जुन्या रिळाच्या चौकटीएवढी, म्हणून फुल-फ्रेम. चेहरा कोरून काढल्यासारखा येतो आणि मागचा मंडप लोण्यासारखा वितळतो. वैभवनं झेंडूचं फूल वाहिलं, कुंकवाचं बोट लावलं. प्रेमिलानं पहिल्याच लग्नात नवरीच्या आजीचं लुगडं टिपलं आणि पडद्यावर पाहून म्हणाली, "काठ थरथरून राहिला. हे निळं-गुलाबी कुठून आलं? लुगड्यात नाही ते."

"बारीक वीण असली की तसं होते. सेन्सरले झेपत नाही. कोण पाहते वं काठ?"

"जिनं नेसलं ते पाहते."

वैभव हसला होता. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलताना थोडा मोठ्यानं बोलायचा, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलतात तसा.

आता रिकाम्या दुकानात प्रेमिला उठली. टेबलाखालच्या खणातून तिनं काळी हार्ड डिस्क काढली. घरच्यांनी लग्नाची फिल्म पाहून बरी आहे म्हणेपर्यंत ती कच्चा माल पुसत नसे. वैभवला याचा कंटाळा होता. तो निवडलेले तुकडे घ्यायचा आणि बाकी पाहायचाही नाही. सावनेरच्या फोल्डरमध्ये सत्तावीस तुकडे होते. शेवटून दुसरा तिनं उघडला.

सावनेरला त्या दिवशी शेहेचाळीस अंश होते. वामनराव शाळेत मास्तर, त्यांच्या मयुराचं लग्न, मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. शामियाना कापडाचा, कापडातून ऊन गाळून खाली पडत होतं. वरात दारात येऊन अडली, कारण नवरदेवाच्या मित्रांना डीजे सोडवत नव्हता. सव्वा तास ते नाचले. वरात दारात होती, म्हणून प्रेमिलानं बटण सोडलं नाही. ती लाकडी स्टुलावर उभी, कॅमेरा दांड्यावर, आणि कॅमेरा सव्वा तास चालू.

तेव्हा वैभव ड्रोनचा रिमोट काखेत धरून आला होता. पुढे जे झालं ते आता पडद्यावर होतं. तिनं एकदा पाहिलं. परत पाहिलं. मग पर्समधून घराच्या किल्लीला बांधलेला पेन ड्राइव्ह काढून त्यात ते घेतलं, दुकानाचं शटर ओढलं, दुपट्टा तोंडाला बांधला आणि सीताबर्डीची ऑटो पकडली.

हॉल खरंच थंड होता. प्रेमिला शिंकली. पन्नासेक माणसं बसली होती. लग्नवाले होते, झाडीपट्टीची नाटकं टिपणारे दोघे होते, सावनेरकडच्या कोळसा खाणींवर माहितीपट करणारी रितिका नावाची मुलगी होती. समोर पुण्याहून आलेला कंपनीचा अंकित, फिकट निळ्या शर्टात, लॅपटॉप उघडून. त्याच्या बाजूला संघाचे अध्यक्ष मनोहरराव, हातात माइक. वैभव पहिल्या रांगेत बसला होता, बॅग पायाशी. मावशी आत आलेली त्यानं पाहिली आणि मान वळवली. ती मागच्या रांगेत जाऊन बसली.

"तुम्ही मोकळेपणानं बोला," अंकित म्हणाला. "पुढचा कॅमेरा कागदावर आहे. तुम्ही सांगाल ते वरपर्यंत जाईल."

"वर म्हणजे कुठं, साहेब? कैलासावर?" कुणीतरी मागून विचारलं. हशा झाला.

"साहेब, हा हॉल किती डिग्रीवर आहे?" दुसरा.

"असेल बावीस."

"मग तुमचा कॅमेरा इथंच चालते. बाहेर नका काढू त्याले, जीव जाईन."

अंकितनं हसून घेतलं. "आमच्या चाचण्या चाळीस अंशांपर्यंत होतात."

"चाळीस आमच्याकडे मार्चमध्ये असते. तेव्हा आम्ही रजई आत ठेवतो."

रितिका उठली. तिनं हसवलं नाही. "माझ्या कॅमेऱ्यात कोळसा शिरतो. बटणाच्या कडेनं, झाकणाच्या फटीतून. मी दर महिन्याला साफ करून घेते आणि दर महिन्याला सर्व्हिसवाले मला म्हणतात, मॅडम, तिकडे नेऊ नका. तिकडे नेऊ नका तर कुठे नेऊ? तुमच्या जाहिरातीतल्या तळ्यावर?"

अंकितनं टाइप केलं. मनोहरराव म्हणाले, "आता आपला वैभव. तयारी करून आला आहे तो."

वैभवनं पाच मुद्दे वाचले. चांगले वाचले. टाळ्याही पडल्या. अंकित खूश दिसला. "फार नेमकं लिहिलंय. एक विचारू? बाकी सगळे उष्णतेबद्दल बोलतायत. तुमच्या यादीत ते नाही. तुम्हाला त्रास झाला नाही?"

"नाही, सर. नीट वापरला तर होत नाही." वैभवनं फॉर्मची घडी केली. "कसं असते, काही ऑपरेटर जुने असतात. कॅसेटच्या काळातले. त्यांच्या सवयी जात नाहीत. मग बटण राहते, अन् नाव कॅमेऱ्याचं होते."

चार-पाच माना मागच्या रांगेकडे वळल्या. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांनी वाचलेला होता. प्रेमिला उभी राहिली.

"मावशी, खाली बस," वैभव हलक्या आवाजात म्हणाला.

"मी प्रेमिला धकाते. कॅसेटच्या काळातली." ती माइककडे गेली नाही, तिचा आवाज पोचत होता. "सावनेरच्या लग्नात तुमचा कॅमेरा तिसऱ्या मंगलाष्टकाले बंद पडला. हातात तव्यासारखा. अकरा मिनिटं चालू झाला नाही. तेवढ्यात अंतरपाट पडला, अक्षता पडल्या, बँड वाजला. मी स्टुलावर उभी होते. मेलेला कॅमेरा डोळ्याले लावून उभी होते, कारण खाली घेतला असता तर नवरीच्या आईनं पाहिलं असतं. ड्रोन वर होता. त्याच्यात शामियान्याचं कापड आलं. चांगलं आलं, स्वच्छ."

कुणी हसलं नाही. अंकितनं विचारलं, "कॅमेरा उघडा होता का, मॅडम?"

"नाही. बांधलेला होता. ओल्या दुपट्ट्यानं."

"अच्छा." अंकितच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "मग मागची पंख्याची जाळी झाकली गेली असणार. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, ती झाकायची नाही."

"कितव्या पानावर?"

"आता पान मला…"

"तुम्हाला पाठ नाही, अन् आम्ही वाचाचं. हे पाहा, बाबू. खाली तुमची गाडी उभी आहे. तुमचा ड्रायव्हर तिथं तोंड बांधून बसला आहे, मी येताना पाहिलं. आम्ही लेकराले बांधतो, माठाले ओलं फडकं बांधतो, मोटरसायकलच्या सीटवर पोतं टाकतो. उन्हात जे ठेवलं ते झाकाचं, हे आम्हाले कोणी शिकवलं नाही. कॅमेरा तापला की हात दुपट्ट्याकडे जाते. इथं बसलेल्या किती जणांनी कॅमेरा बांधला आहे? हात वर करा."

आधी कोणी हात उचलला नाही. मग झाडीपट्टीवाल्यानं उचलला, मग त्याच्या बाजूच्यानं. मग पंचवीसेक हात वर गेले. मनोहररावांनीही माइक डाव्या हातात घेऊन उजवा वर केला.

"आता लिहा," प्रेमिला म्हणाली. "जाळी मागं नको, गाठ तिथंच बसते. खाली द्या, नाहीतर कुठंही द्या, पण बांधता येईन असा कॅमेरा द्या. दुसरं. तो तापला की पडद्यावर लाल थर्मामीटर येते. पडदा फडक्याखाली. कोण पाहीन? हातात थरथरला पाहिजे, फोन थरथरते तसा. तिसरं. बंद पडाचंच असन तर आधी पिक्चर बारीक करा. साधं करा, फिकं करा, काहीही करा. पण मंगलाष्टकं संपेपर्यंत चालू राहा. नवरीची आई पिक्चर फोर-के आहे का ते विचारत नाही. अंतरपाट पडला का, ते विचारते."

अंकित भराभर लिहीत होता. रितिकानं टाळी वाजवली, मग इतरांनीही. वैभव बसून होता, पायानं बॅग आत सरकवत.

"हे महत्त्वाचं आहे," अंकित म्हणाला. "मी ही घटना तशीच्या तशी कळवतो. फक्त नोंदीसाठी, मॅडम. त्या दिवशी कापड कुणी बांधलं होतं?"

"मावशीनंच," वैभव उठून म्हणाला. प्रेमिला बोलायच्या आत. "मी ड्रोनवर होतो. मी तिथं नव्हतोच."

प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं. पर्सची चेन उघडली आणि घराच्या किल्लीसकट पेन ड्राइव्ह घेऊन ती समोर चालत गेली. खुर्च्यांमधून, कुणाच्या पायाला न लागता, पाण्याची परात नेल्यासारखी.

"हे लावता का?"

अंकितनं मनोहररावांकडे पाहिलं. "हे म्हणजे घरगुती…"

"लावा, लावा," मनोहरराव म्हणाले. "संघाच्या ग्रुपवर आलं ते घरगुती कसं?"

पडदा उजळला. सावनेरचा मंडप, रिकामं व्यासपीठ, दूर डीजेचा धडधडाट. वीस सेकंद काहीच नाही, फक्त एक म्हातारा टोपीनं वारा घेत होता. मग चौकटीच्या कोपऱ्यातून पांढरं कापड आत आलं, पाण्याचे थेंब सांडत. एक हात आला. पोवळ्याची अंगठी, मनगटात लाल दोरा. पहिल्या रांगेतल्या दोघांनी वैभवच्या हाताकडे पाहिलं. त्यानं हात खिशात घातला.

"त्याले ऊन लागून राहिलं, मावशी," पडद्यावरचा आवाज म्हणाला. "माणसासारखंच आहे ते. धरून ठेव, मी बांधतो."

"मागची जाळी झाकली गा." हा प्रेमिलाचा आवाज, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून.

"जाळीतूनच तर झळ आत शिरते. तुले काय समजते त्यातलं? राहू दे."

कापड भुवईसारखं चौकटीच्या वर स्थिर झालं. अंकितनं फिल्म पुढे ढकलली. नवरदेव आला, अंतरपाट धरला गेला, भटजींचा पहिला सूर, दुसरं मंगलाष्टक, मयुराची खाली घातलेली मान, तिसऱ्याची पहिली ओळ. मग काळं.

"का बे वैभव," मागून कुणीतरी म्हणालं, "तू तर तिथं नव्हता ना बे? हात पाठवला होता का नुसता?"

हॉल हसला. ते हसणं आधीच्या हसण्यासारखं नव्हतं. ते थांबेना. एकानं जुन्या ऑपरेटरचा मुद्दा वैभवच्याच सुरात म्हणून दाखवला. मनोहररावांनी माइकवर बोट आपटलं. "ते राहू द्या. वामनरावले आता फोन कोण करीन, वैभव? अन् ग्रुपवरचा मेसेज? तो तू काढशीन का मी काढू?"

अंकितनं पेन ड्राइव्ह काढून प्रेमिलाला परत दिला. "मॅडम, माझ्या नोंदीत मला लिहावं लागेल की जाळी झाकली होती."

"लिहा. सावनेरले मीही ती गाठ सोडली नाही, तेही लिहा. पण आधी ते तिन्ही लिहा."

"लिहिलेत."

ती मागं आपल्या खुर्चीकडे वळली. वैभव मधल्या वाटेत आडवा आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

"समाधान झालं? भर सभेत इज्जत काढली माही. घरची गोष्ट होती. घरात बोलली असती."

"घरात बोलले. दीड वाजता."

"मी एवढं सांभाळलं ते दुकान. मी नसतो तर तू अजून कॅसेटच पुसत बसली असती. माह्या आईले काय सांगू मी आता? की तुह्या बहिणीनं पन्नास लोकांत माहा आवाज लावून दाखवला?"

"आईले तो आवाजच आइकव. ओळखीन ते."

"वा. डायलॉग मारून राहिली." त्यानं आवाज उतरवला, कारण आजूबाजूचे कान इकडे वळले होते. "बरं, ते जाऊ दे. बुधवारचं बोल. लक्ष्मीनगरवाल्यांनी मले पाहून काम दिलं, तुले पाहून नाही. त्यांना मी सांगतलं आहे, कॅमेरा मी धरीन. तू टेबलावर बसशीन, हे ठरलं आहे आपलं. ठरलं आहे का नाही?"

प्रेमिला वाकली. पहिल्या रांगेतल्या त्याच्या खुर्चीखालून तिनं बॅग ओढून काढली, चेन उघडली, कॅमेरा बाहेर घेतला. लेन्सचं झाकण बोटानं चाचपलं. मागच्या जाळीवर फुंकर मारली, तिथं सावनेरची धूळ अजून होती. कॅमेरा परत ठेवला, चेन लावली, पट्टा खांद्यावर टाकला.

"मावशी, विचारून राहिलो मी. बुधवारी कॅमेरा कोणाच्या हातात राहीन?"

तिनं गळ्यातला दुपट्टा काढला. झटकला. डोक्यावरून घेतला, कानांवरून, नाकावरून, एक वेढा, दुसरा वेढा, मानेमागं गाठ. आता तिचे फक्त डोळे दिसत होते आणि ते दाराकडे होते.

"तोंड बांधलं म्हणून बोलता येत नाही का? मावशी."

तिनं काचेचं दार ढकललं. बाहेरची झळ आत शिरली तशी दाराजवळच्या दोघांनी तोंडं फिरवली. बॅग उन्हाच्या बाजूला येऊ नये म्हणून तिनं ती दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि ऑटोला हात करत ती रस्त्यात उतरली.